थैली आणली का?

उकंडरावांची धाकटी लेक पुष्पांजली सासरी गेली त्या वर्षीची गोष्ट. मंडप उतरून महिना झाला नव्हता, उरलेली बुंदी अजून डब्यात होती, आणि पिंपळगाव राजाच्या शाळेत हेडमास्तर उकंडरावांना समोर उभं ठेवून विचारत होते, "तुमचीच नात ना ही? प्रतीक्षा?"

"माहीच हाय. काऊन, दुसरं कोनी हक्क सांगून राह्यलं का?"

हेडमास्तरांनी चष्मा काढला. टेबलावर ‘बालस्नेही शाळा’ असं कोरलेली ढाल होती. तिच्या आडोशाला तंबाखूची पुडी.

"पोरगी गणितात पहिली आहे, नाही म्हणत नाही. पण पोरं जरा गंमत करतात आणि ही कान दाबून किंचाळते. सगळा तास बुडतो."

"कोनती गंमत?"

"कुकरची शिट्टी. तोंडानं वाजवतात. पोरंच आहेत ती."

चौदा वर्षांच्या प्रतीक्षाला शिट्टी कधीच सोसली नव्हती. कानात दाभण खुपसावा तसा तो आवाज तिला लागायचा. तिची आई संजीवनी वरण पातेल्यातच शिजवायची. किराणावाल्याच्या सागरनं हे हेरलं, आणि तेव्हापासून नववीचा सगळा वर्ग तिला ‘कुकर’ म्हणू लागला.

"मंग शिट्टी वाजवनाऱ्याले बाहेर काढा ना."

"कोणाकोणाला काढू? तीस पोरं आहेत. त्यापेक्षा एक..." हेडमास्तर थांबले. "दिवाळीपर्यंत पाहतो. नाही सुधारलं तर दाखला घेऊन जा. अशा पोरांच्या वेगळ्या शाळा असतात."

तिसांना शिकवण्यापेक्षा एकीला हाकलणं सोपं, हे उकंडरावांना न शिकताही समजत होतं. एवढ्यासाठी माणसाला बी.एड. करावं लागतं, हे मात्र त्यांना नवीन होतं.

घरी हरिओम वाटच पाहत होता. उकंडरावांचा हा मुलगा, प्रतीक्षाचा बाप, खामगावला तेलाच्या मिलमध्ये कामाला होता.

"बाबा, राहू द्या तिले घरीच. लोक हासतेत मले."

"तुले हासतेत?"

"हाव."

"मंग तू बस घरी. तिची शाळा काऊन बंद करतं?"

हरिओम मान खाली घालून चहा प्याला. त्याला एवढंच यायचं.

मग हेडमास्तरांनी शहरातून एक मॅडम आणवल्या. मॅडमनी पुठ्ठ्याचे आठ चेहरे फळ्याला चिकटवले. हसरा, रडका, रागीट, असे. ‘स्वमग्न’ हा शब्द त्या दर दोन वाक्यांनी, तोंडात खडीसाखर घोळवावी तसा घोळवत होत्या.

"सांग बाळा, हा चेहरा काय म्हणतोय?"

प्रतीक्षा घरातसुद्धा पुस्तकासारखंच बोलायची. "तो पुठ्ठ्याचा आहे. डावा कोपरा दुमडला आहे."

मॅडमनी तिला एक वाक्य पाठ करून दिलं: ‘थांबा. मला हे आवडत नाही.’ मग चहा झाला, फोटो झाला, गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी सागरनं शिट्टी वाजवली. प्रतीक्षानं कानांवर हात ठेवून ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं. पुढचे आठ दिवस वर्गात दुसरं काही ऐकूच आलं नाही. घंटा झाली की, पाणी प्यायलं की, शिंक आली की पोरं मॅडमच्या लाडिक आवाजात एकमेकांना म्हणत, "थांबा! मला हे आवडत नाही!" शहाण्या माणसांनी बनवलेलं औषध होतं ते. रोग्याला सोडून सगळ्यांना लागू पडलं.

मॅडम एक गोष्ट मात्र कामाची बोलून गेल्या होत्या. घरी सराव करा, तुम्ही चिडवणारे व्हा. किडक्या टोपलीतून एक बरं वांगं वेचावं, तसं उकंडरावांनी तेवढंच उचललं.

बाजाराच्या दिवशी प्रतीक्षा भाजी विकणाऱ्या आजोबांजवळ पोत्यावर बसायची आणि वांगी आकारानं ओळीत लावायची. गिऱ्हाईक येई, वांगं दाबे आणि नाक मुरडे. "हे वांगे हायेत का रबराचे चेंडू?" "आतून किडके असतीन." जगातलं सगळं घाणेरडं त्या टोपलीत आहे असं माणसं बोलत. प्रतीक्षा शांत. एक दिवस उकंडरावांच्या ते ध्यानात आलं.

"काऊन वं माय, वांग्याले नावं ठेवतेत तं तुले राग नाई येत?"

"वांगी चांगली आहेत. मी सकाळी पाहिली आहेत."

उकंडराव तिच्याकडे पाहतच राहिले. मग पोतं झटकून जवळ सरकले.

"आयक. नावं ठेवनारे दोन परकारचे. त्याहिच्या तोंडाकडं पाहूच नोको, तोंडं समद्याहिची सारखीच वाकडी. हाताकडं पाह्य. हातात थैली असली तं तो घ्याले आला. त्याच्यासंग बोलाचं. थैली नसली तं तो नुसता वांगे दाबाले आला. त्याले म्हनाचं, थैली आणली का? नाई? मंग पुढे व्हा."

प्रतीक्षाला चेहरे वाचता येत नव्हते. हात वाचणं सोपं होतं. हातात थैली असते किंवा नसते.

त्या दिवसापासून उकंडराव गिऱ्हाईक झाले, सागर झाले, सगळा नववीचा वर्ग झाले. रिकामे हात हलवत यायचे आणि "कुकर!" म्हणून ओरडायचे. शिट्टीसुद्धा वाजवायचे, आधी बाजाराच्या त्या टोकाहून, मग दरवेळी थोडं जवळून. पुढचे दोन दात नसल्यामुळे नुसती हवाच निघायची.

"आबाजी, शिट्टी नीट वाजत नाही."

"दात उसने आनू का वं आता?"

संजीवनीनं घरच्या कापसाची सरकी काढून दोन बोळे करून दिले. शाळेत जाताना ते कानात. शेजारचे दुकानदार म्हणू लागले, म्हातारा नातीपायी येडा झाला. उकंडराव त्यांच्याही हातांकडे पाहायचे.

एकदा प्रतीक्षानं विचारलं, "आबाजी, तुमचं नाव असं का आहे?"

"माह्या आधीचे तीन लेकरं मेले. मंग मले जल्मल्या-जल्मल्या मायनं उकंड्यावर टाकलं, शेणा-कचऱ्यात. शेजारनीनं उचलून आनलं आन् नाव ठेवलं उकंडा. मरन आलं असंन पाहाले. म्हनलं असंन, हा उकंड्यावरचा माल कोन नेते? गेलं मंग हात हालवत." ते हसले. "शाळेत मास्तर हजेरी घेताना नाक धरे माह्या नावावर. समदे पोरं हासत. म्या दुसऱ्याच वर्षी शाळा सोडली. पन्नाशीले अक्षरं शिकलो, तेबी बोट ठेवून. मले कोनी सांगतलंच नाई ना का हाताकडं पाह्याचं असते."

दसऱ्यानंतरच्या सोमवारी सागरनं मधल्या सुट्टीत तिच्या कानाशी येऊन शिट्टी वाजवली. प्रतीक्षाची बोटं आवळली गेली. ती किंचाळली नाही. तिनं त्याच्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

"थैली आणली का?"

"आँ?"

"नाई? मंग पुढे व्हा."

पुस्तकासारखं बोलणाऱ्या पोरीच्या तोंडून भाजीवाल्या म्हाताऱ्याचा सूर निघाला आणि वर्ग हसून फुटला. या वेळी हसू सागरवर होतं. पोरांना कोणावर हसायचं याच्याशी देणंघेणं नसतं, हसायला मिळालं की झालं. चार दिवसांत सागरचं नाव ‘थैली’ पडलं. शिट्ट्या अगदीच थांबल्या नाहीत. काही दिवस ती रडत घरी आली, एकदा वही फाडून आली. पण तास बुडाले नाहीत. दिवाळी आली, गेली, दाखला निघाला नाही.

हेडमास्तरांनी अहवालात लिहिलं की शाळेनं राबवलेल्या प्रशिक्षणाला उत्तम यश मिळालं. मॅडम पुन्हा आल्या, मोबाइल पुढे करून.

"ये बाळा, एक फोटो काढू. तू आमची सक्सेस स्टोरी आहेस!"

प्रतीक्षानं त्यांच्या हातात मोबाइल पाहिला. दुसरा हात रिकामा होता.

"थैली आणली का?" तिनं विचारलं.

मॅडमना समजलं नाही. त्यांनी ते कुठल्याशा कागदावर लक्षण म्हणून लिहून घेतलं.

पुढच्या वर्षी प्रतीक्षानं त्याच शाळेतून दहावीची परीक्षा दिली. निकाल लागला तेव्हा उकंडरावांच्या घरी पेढे नव्हते, भेटायला येणाऱ्यांसाठी अंथरलेली सतरंजी होती. हेडमास्तर आले. प्रतीक्षा भिंतीशी बसून सुपातली वांगी ओळीत लावत होती. तिच्याकडे पाहत ते हरिओमला म्हणाले, ती बहिरी असावी अशा आवाजात, "आजोबा गेले, आणि पाहा, डोळ्यांत टिपूस नाही. भावनाच नसतात हो या पोरांना."

प्रतीक्षानं मान वर केली. हेडमास्तरांच्या हातांकडे पाहिलं.

"थैली आणली का?"

हरिओमची मान खालीच होती. मग ती वर आली.

"नाई आणली, माय," तो म्हणाला. उठून त्यानं हेडमास्तरांच्या चपला दाराकडे वळवून ठेवल्या. "पुढे व्हा, मास्तर."

पुढच्या बाजाराला प्रतीक्षानं दुकान लावलं. हरिओम मिलमधून सुट्टी काढून तिच्या डाव्या बाजूला बसला. उजव्या बाजूचं पोतं तिनं कोणाला बसू दिलं नाही.

उकंडराव निकालाच्या चार दिवस आधी, मंगळवारी सकाळी, वांग्याच्या वाफ्याला पाणी देताना वारले. वय त्र्याहत्तर.