अर्धी हवा

मी एक जुना हातपंप आहे. पाण्याचा नव्हे हो, फुटबॉलमध्ये हवा भरायचा! सध्या क्लबच्या सामानखोलीत फाटक्या जाळ्यांखाली पडलो आहे. दांडा गंजला, आतलं वॉशर सुकलं, पण डोकं अजून तापतं. का तापतं ते ऐका, मित्रांनो.

माझा जन्म कारखान्यातला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते एका खेळाडूच्या हातात. तो बचावफळीत खेळायचा. गुडघ्याने दगा दिला आणि डॉक्टर म्हणाले, "आता पुरे." त्याच दिवशी घरी येताना त्याने मला दुकानातून विकत आणलं. बायकोने विचारलं, "आता कुणाच्या चेंडूत हवा भरणार?"

"पोरांच्या," तो म्हणाला.

तो क्लबच्या लहान मुलांचा प्रशिक्षक झाला. सगळे त्याला सर म्हणू लागले. आणि सुरू झाला माझा अपमान! बारा वर्षांखालच्या मुलांच्या चेंडूत सर अर्धीच हवा भरायचे. मी जरा रंगात आलो की सुई काढून मोकळे! माझा नुसता जळफळाट व्हायचा. मग हळूहळू कळलं. मऊ चेंडू फार उसळत नाही, पायाशी राहतो. मुलं त्याला घाबरत नाहीत. थांबवायला, मान वर करून बघायला, शेजारच्याला द्यायला शिकतात. बारा पूर्ण झाली की मग भरलेला चेंडू.

त्यांच्यात एक उंच्या होता. चेंडू आला की डोळे मिटून पाठ फिरवायचा. सरांनी अख्खा हंगाम त्याच्यासमोर दुखरा गुडघा टेकून चेंडू घरंगळवला. "डोळे उघड, राजा. चावत नाही तो!" आज उंच्या मोठ्या संघाचा कप्तान आहे.

पण लहान मुलांचा चषक? एकही नाही! सामने टणक चेंडूने व्हायचे आणि आमची पोरं सपाटून मार खायची. एकदा क्लबचे चिटणीस मैदानात आले. चेंडू अंगठ्याने दाबून म्हणाले, "अहो, हे चेंडू आहेत की उशा?"

"अजून दोन वर्षं द्या, साहेब."

"दहा दिली की!"

पुढे सर काही बोललेच नाहीत. हीच त्यांची खोड. बायको वैतागून म्हणायची, "मैदानावर गळा फाडता आणि कचेरीत मिठाची गुळणी धरता!" अगदी बरोबर बोलायच्या बाई.

शेवटी याच खोलीत बैठक भरली. सरांना ठेवायचं की काढायचं, एवढाच विषय. कप्तानालाही बोलावलं होतं.

"तू तर यांच्याच हाताखाली शिकलास," चिटणीस त्याला म्हणाले. "खरं सांग, त्या मऊ चेंडूचा तुला काही उपयोग झाला?"

मी फळीवर कान टवकारले. बोल रे, उंच्या! सरांनीही मान वर केली. सगळं त्या एका उत्तरावर अडलं होतं. पण पुढच्या हंगामाचा कप्तान चिटणीसच निवडणार होते. उंच्या स्वतःच्या बुटांकडे बघत पुटपुटला, "समिती ठरवेल ते."

झालं! सरांनी जुडग्यातली खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि मला उचललं.

"ते क्लबचं सामान आहे," चिटणीस म्हणाले.

अहो, कसलं क्लबचं! पण सरांनी मला निमूटपणे परत फळीवर ठेवलं. याही वेळी गप्प! माझ्या पोटात एवढी हवा, पण तोंडातून एक शब्द फुटेना. असा संताप झाला म्हणून सांगू!

आता विजेचा पंप आला आहे. घुर्र करतो आणि चेंडू दगडासारखे करून ठेवतो. एक चषकही आला. पण घाबरणारी मुलं चार दिवस येतात आणि यायची बंद होतात. त्यांची चौकशीसुद्धा कोणी करत नाही.

मित्रांनो, मला तेल घाला असं मी म्हणणार नाही. मी काय, उद्या भंगारात जाईन. पण तुमच्यासाठी कोणी असं खपलं असेल आणि एखाद्या दिवशी त्याच्याबद्दल तुम्हाला विचारलं, तर मान खाली घालू नका. "हो, झाला." दोनच शब्द लागतात. बाहेर पडताना सर दाराशी जरा थांबले होते, ते तेवढंच ऐकायला.