संत रोकेची डावी भुवई

मित्रांनो, मी एक जुना लाकडी संत आहे. माझे नाव रोके. माझ्या पायाशी तोंडात पाव धरलेला एक कुत्रा आहे, तोही लाकडीच. आमचा मुक्काम आता विगन गावातील एका स्पॅनिश काळातल्या घरात आहे. शिंपल्यांच्या तावदानांतून येणारा दुधट उजेड येथील चित्रांना मानवतो, म्हणून या घराचे कलासंग्रहालय झाले.

त्याआधी मी नदीकाठच्या वस्तीतील प्रार्थनाघरात उभा असे. माणसे माझ्या पायांवरून रुमाल फिरवत आणि तो घरी नेऊन आजाऱ्याच्या कपाळावर ठेवत. दर काही वर्षांनी, उत्सव जवळ आला की, माझा चेहरा नव्याने रंगवला जाई. हा मान वस्तीतल्या होनोराता आजीच्या घराण्याचा. त्यांचा धंदा घोडागाड्या रंगवण्याचा; उरलेला तांबडा रंग माझ्या गालांना मिळे. जुना रंग कोणी काढत नसे. संताचा चेहरा खरवडायचा कसा? थरावर थर चढले आणि माझे नाक बोथट होत गेले. शेवटचा थर होनोराताच्या लेकीने, लुमेनने दिला. तापाने तिचा हात कापत होता, म्हणून माझी डावी भुवई किंचित वर गेली. पुढचा उत्सव तिने पाहिला नाही. मग वादळात प्रार्थनाघराचे छप्पर उडाले आणि वस्तीने मला येथे सोपवले.

या महिन्यात राजधानी मनिलाहून आराबेला नावाची तज्ज्ञ मुलगी आली. औषधात भिजवलेल्या कापसाने तिने माझा उजवा गाल हळूहळू स्वच्छ केला. खालून मूळ कोरीव चेहरा निघाला, तेव्हा सर्वांनी वाखाणणी केली. खोटे कशाला बोलू, मलाही मोकळे वाटले.

परवा सकाळी जिन्यावर रखवालदाराचा आवाज आला. "आजी, तिकीट काढून संताला भेटणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

"पूर्वी तो माझ्या दारी यायचा, मिरवत. तेव्हा मी नाही घेतलं तिकीट," होनोराता म्हणाली आणि माझ्यासमोर येऊन थबकली.

"अकरा थरांखाली खरा चेहरा आहे, आजी," आराबेला समजावू लागली. "दोनशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचा."

"असेल, पोरी. त्याला मी कधी पाहिलं नाही. ही भुवई माझ्या लेकीची आहे. तेवढी राहू दे."

"अर्धा चेहरा एक, अर्धा दुसरा? लोक हसतील."

"हसू देत. संत आहे तो, नवरदेव नाही."

आराबेलाने हातातला कापूस खाली ठेवला. "माझ्या हातात नाही हे. सोमवारी संचालक ठरवतील."

"मग सोमवारी मी येते." तिचे लक्ष टोपलीतल्या कापसाच्या तांबड्या बोळ्यांकडे गेले. "हे टाकणार?"

"टाकायचेच आहेत."

होनोराताने रुमाल पसरला, एकेक बोळा वेचून त्यात ठेवला आणि घट्ट गाठ मारली.

सोमवार उद्यावर आला आहे. कोणता चेहरा माझा, हे मला सांगता येत नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू वाळवीपासून, धुळीपासून जरूर जपा. पण कोणाचा रंग पुसायला बसलात, तर आधी एकदा जिन्याकडे पाहा. तो रंग ओळखणारे कोणीतरी, कठड्याला धरून, सावकाश वर येत असेल.