उसवलेलं नाव

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात कपडे शिवले जायचे, हे खरं. पण संध्याकाळी पाचनंतर तिथे जे चालायचं त्याला शिलाई म्हणणं जरा जास्तच झालं असतं. दाराशी एक लांब बाकडं होतं. त्याच्या एका टोकाला बाई बसायच्या, दुसऱ्या टोकाला ड्रायव्हर, आणि दोघांच्या मधोमध गावाचा हॉकी संघ चिरफाडीसाठी ठेवलेला असायचा. मास्तर दोघांकडे पाठ करून मशीनवर बसत. काही बोलायचं असलं तर ते मान वळवत नसत, फक्त मशीन थांबवत. मशीन थांबलं की दोघंही गप्प होत, कारण मास्तरांचे दाजी संघाचे मॅनेजर होते. मास्तर बोलले म्हणजे संघच बोलला, अशी त्या बाकड्याची रीत होती.

बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. ड्रायव्हर त्यांच्याच हाताखाली दोनदा नापास झाला होता. आता पन्नाशी उलटली तरी बाईंसमोर तो पायावर पाय टाकून बसत नसे. तो एका खासगी कंपनीची बस चालवायचा, आणि संघ बाहेरगावी खेळायला निघाला की बस त्याचीच असायची. एवढ्या भांडवलावर तो स्वतःला संघातला बारावा खेळाडू समजायचा.

यंदा संघाची गाडी रडतखडत चालली होती. आठ संघांत पहिले चार प्लेऑफला जाणार, आणि आपला संघ पाचवा. चौथ्यापेक्षा दोन गुणांनी मागे. शेवटचा सामना पुढच्या रविवारी, तोही पहिल्या क्रमांकाच्या संघाशी.

"आपण जिंकायचं आणि चौथ्यानं हरायचं. झालं!" ड्रायव्हर म्हणाला. "यात कठीण काय आहे?"

"काहीच नाही," बाई म्हणाल्या. "गेल्या सहा सामन्यांत आपल्याला एकतीस पेनल्टी कॉर्नर मिळाले. गोल किती झाले?"

ड्रायव्हर छताकडे बघायला लागला.

"तीन. वर्गातही तू असाच छताकडे बघायचास."

"अहो, पण आपला गोलकीपर बघा ना! भिंत आहे भिंत."

"भिंतीनं सामना वाचतो रे, जिंकता येत नाही." बाईंनी चष्मा पुसला. "आणि प्लेऑफचं सोड. पुढच्या वर्षी संघ इथे असेल का, ते विचार आधी. टर्फ तीन ठिकाणी फाटलंय, दुरुस्तीचं कोणी नाव काढत नाही. मैदानाच्या कडेच्या जाहिराती फक्त याच हंगामापुरत्या घेतल्यात. ज्याला घरात राहायचं असतं, तो गळका नळ तरी बदलतो."

"मास्तर, ऐकतोयस ना?" ड्रायव्हर तडकला.

मशीन थांबलं. "दाजींना मी स्वतः विचारलंय," मास्तर म्हणाले. "एकदा नाही, चारदा. संघ इथून हलणार नाही. माझा शब्द."

झालं. ड्रायव्हरला तेवढंच हवं होतं. "ऐकलंत? बाई, तुम्हाला ना कोणाचं चांगलं बघवतच नाही. जन्मभर पोरांच्या वह्यांवर लाल रेघा ओढल्यात, आता संघावर ओढताय!"

हे फार झालं होतं. मास्तरांनी तिथल्या तिथे त्याला झापायला हवं होतं. पण आपल्या शब्दाला एवढं वजन आहे, याचंच त्यांना मनातून बरं वाटत होतं. त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं. बाईंनी पिशवी उचलली, चपला घातल्या, आणि नेहमीसारखं दार लावून घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही.

त्याच आठवड्यात दाजींकडून काम आलं होतं. खेळाडूंसाठी तीस गरम जाकिटं, छातीवर संघाचं चिन्ह भरायचं. सोबत चिन्हाचा कागद. मास्तरांनी कागद बघितला आणि हसले. ससाणा होता, दोन काठ्या होत्या, पण खालच्या पट्टीवर गावाचं नावच नव्हतं. पट्टी कोरी. दाजींचा घाईगर्दीचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. लग्नात स्वतःचा फेटा विसरून आलेला माणूस! याही वेळी विसरले असणार, दुसरं काय?

फोन करून विचारावं, असं दुसऱ्या कुणाच्याही मनात आलं असतं. मास्तरांच्या आलं नाही. बावीस वर्षं ते या संघाचे कपडे शिवत होते. गावाचं नाव भरायला परवानगी कशाला? पाच अक्षरी नाव, तीस जाकिटं, म्हणजे दीडशे अक्षरं. ती त्यांनी पदरमोड करून भरली, सोनेरी दोऱ्यानं, दुहेरी टाक्यानं, की धुऊन धुऊन कापड विरलं तरी नाव निघू नये. शेवटचं जाकीट झाल्यावर त्यांनी ते अंगावर चढवून आरशात बघितलं. पोट आडवं आलं, पण नाव झकास दिसत होतं.

गुरुवारी दुपारी दाजी जाकिटं न्यायला आले. मास्तरांनी वरचं जाकीट त्यांच्यासमोर झटकून धरलं आणि शाबासकीची वाट बघत उभे राहिले.

दाजींचा चेहरा पडला. "हे कोणी सांगितलं होतं तुला?"

"तुम्ही विसरला होतात. मी म्हटलं—"

"विसरलो नव्हतो." दाजींनी मागे वळून दार लोटलं. "अरे, पट्टी मुद्दाम कोरी ठेवली होती. तिथे दुसरं नाव बसणार आहे."

मास्तरांना आधी कळलंच नाही. मग एकदम कळलं, आणि ते मशीनच्या स्टुलावर बसले.

"कुठे जाणार?"

"बंदराकडच्या शहराला. मोठं मैदान आहे, नवीन टर्फ आहे. हंगामाच्या सुरुवातीलाच ठरलंय सगळं."

"म्हणजे आठ महिने झाले." मास्तरांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "दाजी, मी तुम्हाला चारदा विचारलं. तुमच्या घरी, तुमच्यासमोर जेवायला बसून विचारलं. आणि तुम्ही आमटी वाढत मला सांगितलंत, की संघ हलणार नाही."

"तुला सांगितलं असतं तर संध्याकाळच्या आत गावभर झालं असतं. तुझं हे बाकडं का मला माहीत नाही?"

"ताईला माहीत आहे?"

दाजी जाकिटाची चेन वर-खाली करत राहिले. "आम्ही दोघं घर बघून आलो तिकडे. उन्हाळ्यात."

उन्हाळ्यात ताई म्हणाली होती, की डोळे दाखवायला जातेय. मास्तरांनी तिच्यासाठी उन्हाचा चष्मा घेऊन दिला होता. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणारी आपली सख्खी बहीण. आता ओरडायचं तरी कोणावर? आपलेच दात, आपलेच ओठ.

"एवढं कर," दाजी म्हणाले. "शनिवारपर्यंत नावं उसवून ठेव. भोकं राहिली तरी चालतील, त्यावर नवीन नाव बसेल. आणि रविवारपर्यंत कोणाला बोलू नकोस."

"का बोलू नको? तुमची नोकरी राहावी म्हणून?"

"माझं सोड. पोरांनाही अजून माहीत नाही. तुला प्लेऑफ हवंय ना? मग विचार कर. हे बाहेर फुटलं तर रविवारी मैदान रिकामं पडेल, पोरांचे हातपाय गळतील. मग जिंकतोस तू पहिल्या नंबरशी?"

दाजी मॅनेजर होते, माणूस कुठे दाबायचा ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. दुसऱ्या कशानंही मास्तर गप्प बसले नसते. पण हॉकीवेड्या माणसाला 'तुझ्यामुळे संघ हरेल' म्हटलं, की त्याच्या तोंडाला कुलूप लागलंच म्हणून समजा. संघ आपला राहणार नव्हता, तरी रविवारी तो जिंकायला हवा होता. याला अक्कल म्हणत नाहीत, हे मास्तरांनाही कळत होतं. तरी ते मान हलवून बसले.

दोन दिवस पडदा ओढून ते आत ब्लेडनं टाके उसवत होते. दुहेरी टाका आपणच घातलेला, तो निघता निघेना. स्वतःच्या हाताला शिव्या देत त्यांनी एकेक अक्षर सोडवलं. बाहेर बाकड्यावर ड्रायव्हर एकटाच.

"काय रे मास्तर, आजारी आहेस का?"

"कापायचं काम आहे. लक्ष लागतं."

"बाईंशिवाय मजा नाही रे. रविवारी जिंकलो, की घरी जाऊन हाताला धरून आणतो त्यांना. कबूल करायला लावतो, की मास्तरांचा शब्द खरा."

मास्तरांनी पडद्याआडून तोंड उघडलं. तोंडापर्यंत आलेलं सगळं पुन्हा गिळलं, आणि पुढचं जाकीट मांडीवर घेतलं.

रविवारी संघ जिंकला. खरंच जिंकला! शेवटच्या मिनिटाला मिळालेला पेनल्टी कॉर्नर, चेंडू थेट जाळ्यात, दोन विरुद्ध एक. तिकडे चौथा संघ हरला, तशी अख्खं मैदान उभं राहिलं. मास्तरही उभे राहिले, घसा फाटेपर्यंत ओरडले, आणि खरं सांगायचं तर तेवढी पाच मिनिटं ते सगळं विसरले. ड्रायव्हरनं त्यांना उचलूनच घेतलं. खाली ठेवल्यावर त्यांना आठवलं.

सोमवारी पाचच्या ठोक्याला बाई आल्या. पण आपल्या जागेवर बसल्या नाहीत, सरळ मशीनजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, मी चुकले," त्या म्हणाल्या. "जिंकण्याबद्दल चुकले, त्याचं काही नाही. पण तुम्ही शब्द दिला होतात आणि मी उठून गेले. तुमच्या शब्दावर मी संशय घेतला, तो घ्यायला नको होता. माफ करा मला."

एकाहत्तर वर्षांची बाई, जिनं अर्ध्या गावाला कान धरून उभं केलं, ती हात जोडून उभी होती. मागे ड्रायव्हर डोळे पुसत होता. मास्तर म्हणाले, "अहो बाई, काय हे!" आणि तिघांसाठी चहा सांगितला. प्लेऑफचा पहिला सामना शनिवारी इथेच, आपल्या मैदानावर व्हायचा होता. कोणी कुठे बसायचं, हे ठरवण्यात संध्याकाळ गेली. मास्तर त्या संध्याकाळी मशीनकडे पाठ करून, त्या दोघांकडे तोंड करून बसले होते.

बुधवारी पहाटे ड्रायव्हर बस घेऊन गेला, दोन दिवसांच्या सरावासाठी म्हणून. गुरुवारी संध्याकाळी परत आला तो दुकानाच्या पायरीवरच थांबला. बाई बाकड्यावर होत्या.

"बंदराकडच्या शहराला सोडून आलो त्यांना," तो म्हणाला. "निघाल्यावर मॅनेजरनं पत्त्याचा कागद हातात दिला. तिथे मैदानाच्या दारावर हा एवढा फलक. 'आपल्या संघाचं स्वागत.' आपल्या म्हणे! शनिवारचा सामनाही तिकडेच. बाई, तीनशे किलोमीटर मी स्वतः चालवत नेला आपला संघ, गाणी म्हणत."

बाईंनी हातातली वही मिटली. मशीन केव्हाच थांबलं होतं.

"पोरं सामान देत होती, तेव्हा जाकिटं जवळून बघितली," ड्रायव्हर मास्तरांकडे वळला. "टाके उसवलेत, पण भोकं आहेत. पाचही अक्षरं वाचता येतात. तो दुहेरी टाका या गावात कोण घालतं, हे मला सांगायला नको. कधी उसवलीस?"

खोटं बोलता आलं असतं. "शुक्रवार-शनिवार," मास्तर म्हणाले.

"म्हणजे मी बाहेर बसलो होतो तेव्हा."

"हो. मला गुरुवारी कळलं. माझ्या बहिणीनं, दाजींनी, मलाही फसवलं रे. आठ महिने फसवलं. मी सांगितलं असतं तर पोरं खचली असती, आपण हरलो असतो."

"हरलो असतो तर काय झालं असतं?" ड्रायव्हरचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "बावीस वर्षं हरतोच आहोत आपण. हरल्यावर इथे येऊन बसतो, रडतो, घरी जातो. तुला वाटलं मला जिंकायचंच आहे फक्त?" तो आणखी काही बोलणार होता. मग हात झटकून पायरी उतरला आणि गेला.

बाई बसून राहिल्या. त्या काही बोलतील, निदान आकडे काढून दाखवतील, की मी सांगितलं नव्हतं का, याची मास्तर वाट बघत होते. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

"मास्तर," शेवटी त्या म्हणाल्या, "रविवारपर्यंत तुम्ही गप्प बसलात, ते मला समजतं. हॉकीच्या पायी माणूस काय वाट्टेल ते करतो. पण सोमवारी सामना झालेला होता."

मास्तरांनी मशीनचं चाक हातानं जरासं फिरवलं आणि पुन्हा थांबवलं.

"सोमवारी मी माफी मागितली. ती तुम्ही घेतलीत."

"बाई, तुम्ही पुन्हा येऊन बसलात, आपण तिघं... मला वाटलं, तेवढं तरी..."

"ती मी परत घेते," बाई म्हणाल्या. पिशवीत वही घातली, बाकड्याला धरून सावकाश उठल्या, आणि जाताना त्यांनी दार नेहमीसारखं लावून घेतलं नाही.