अकरावं मिनिट

अध्यक्ष लालासाहेबांचं तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

पडद्यावरचे लालासाहेब संस्थेच्या काही वर्षांपूर्वीच्या रौप्यमहोत्सवात उजवा हात उंचावून "या संस्थेचं रोपटं" इथवर आले होते. पुढे वटवृक्ष यायचा होता. तो येईना. आवाज तुटला, हात हवेत अडकला, माऊसचा बाणसुद्धा त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर जाऊन बसला तो हलेना. पडद्याबाहेरचे लालासाहेब खुर्चीत बसून स्वतःच्याच जबड्यातल्या सोन्याच्या दाताकडे पाहत होते.

"आरं, मी बोललोय की फुडं! लय बोललोय. हितंच कसं अडतंय ह्ये?"

"हँग झालं साहेब," प्रबुद्ध म्हणाला.

"तिसऱ्यांदा?"

"चौथ्यांदा," शिपाई कोंडीबानं दारातूनच दुरुस्ती केली. एवढा चांगला कार्यक्रम पलूसच्या या हायस्कुलाच्या ऑफिसात तो नोकरीला लागल्यापासून झाला नव्हता.

"सोमवारी ज्युनिअर कॉलेजच्या मान्यतेची समिती येणार. त्यांस्नी काय वासलेलं तोंड दावू माजं?" लालासाहेब उठले. "आयक गड्या. सोमवारपतोर चाललं तर ठीक. न्हाई तर मंगळवारी तू मलकापूरला, तुज्या घरी."

प्रबुद्ध मलकापूरचा. सांगलीत कॉम्प्युटरचा कोर्स करून जूनपासून इथं ऑपरेटर म्हणून लागलेला, आणि अजून तात्पुरताच. त्यानं नुसती मान हलवली. दारापर्यंत गेलेले लालासाहेब वळले.

"द्येवाला न मानणारा माणूस मशिनीवर बसवला, मग मशीन तरी कसं आयकल? काय भाऊसाहेब?"

भाऊसाहेब म्हणजे हेडक्लार्क गोपाळकृष्ण मेणवलीकर. शाळेत हेडक्लार्कला सगळे भाऊसाहेबच म्हणतात, पण इथं ते नाव नेमकं बसलं होतं. मूळचे वाईचे, अक्षर मोत्यासारखं, एकतीस वर्षांच्या मस्टरवर एक लाल रेघ नाही, निवृत्तीला साडेचार महिने. धर्माच्या बाबतीत ऑफिसात त्यांचा शब्द शेवटचा. आता सगळे त्यांच्याकडे बघू लागले. भाऊसाहेबांची मान होकारार्थी हलली नाही, नकारार्थीही हलली नाही. मान ठेवायची ही मधली जागा त्यांनी फार पूर्वी शोधून ठेवली होती आणि तिच्यावरच त्यांनी पाच हेडमास्तर काढले होते.

खंडेनवमीला, म्हणजे दहाच दिवसांपूर्वी, ऑफिसातल्या हत्यारांची पूजा भाऊसाहेबांनीच केली होती. दरवर्षी टाईपरायटर, शाळेची घंटा आणि स्टेपलर अशी मांडणी असे. यंदा मधोमध कॉम्प्युटर होता. त्याला झेंडूची माळ घालून झाल्यावर भाऊसाहेबांना शंका आली.

"प्रबुद्ध, याचा मेंदू कुठं असतो रे?"

"ह्या डब्यात, भाऊसाहेब."

"मग झाकण काढ."

"नको. आत पंखा हाय, बोर्ड हाय. काय तरी पडंल."

"अरे, म्यानातल्या तलवारीची पूजा करतं का कुणी? उपसून ठेवावी लागते!"

सगळे हसले. लालासाहेब तर मांडीवर थाप मारून हसले. प्रबुद्धनं चार स्क्रू काढले, झाकण भिंतीला टेकवून ठेवलं आणि तो बाजूला उभा राहिला. "नारळ तुझ्या हातानं फोडतोस का?" असं भाऊसाहेबांनी विचारलं होतं. तो म्हणाला होता, "आमच्यात हे करत न्हाईत, भाऊसाहेब." शब्द साधे होते, आवाजही साधा होता. भाऊसाहेबांना मात्र ते कुठं तरी टोचलं, आणि त्या टोचण्याच्या भरात त्यांनी मंत्र जरा मोठ्यानं म्हटले आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षताही जरा सढळ हातानं टाकल्या. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर प्रबुद्ध ब्रशनं बोर्ड साफ करत बसलेला त्यांना दिसला होता.

लालासाहेबांची जीप फाटकाबाहेर गेली. शनिवारची अर्धी शाळा सुटली होती. प्रबुद्धनं खुर्ची ओढली.

"भाऊसाहेब, घड्याळ बघून येळ लिवता का जरा?"

नोंद करायची म्हटल्यावर भाऊसाहेबांचा मूड सुधारला. त्यांनी कोरा कागद घेतला, समास आखला.

पहिल्यांदा रौप्यमहोत्सव. अकराव्या मिनिटाला लालासाहेब अडकले. मग शेती प्रदर्शनातून आलेली एक सीडी लावली. त्यात ठिबक सिंचनावर बोलणारा एक माणूस होता. तोही अकराव्या मिनिटाला नळीकडे बोट दाखवून थांबला.

"म्हणजे सीडी वाईट नाही," भाऊसाहेब म्हणाले.

"न्हाई. दोन्ही कशा बिघडतील?"

मशीन लगेच बंद करून चालू केलं, तर सिनेमा चौथ्या मिनिटालाच थांबला. मग प्रबुद्धनं अख्खी सीडी मशिनीच्या पोटात उतरवून घेतली आणि तिथून चालवली. तरी चौथ्यालाच. मग म्हणाला, आता एक तास बंद ठेवू. तासभर दोघांनी कोंडीबाचा चहा पीत लालासाहेबांच्या भाषणाची लांबी काढली. ती सव्वीस मिनिटं भरली. तासानंतर चालू केलं तर पुन्हा बरोबर अकरा.

भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. "अरे, ही तर धाप लागल्याची लक्षणं. यवतेश्वरचा चढ चढताना मला असंच होतं. बसलो की बरं, उठलो की पुन्हा तेच."

"तसंच हाय," प्रबुद्ध पहिल्यांदाच हसला. "दाखल्यांचं टायपिंग म्हंजे सपाटीचं चालणं, त्याला काय होत न्हाई. पण सिनेमा दाखवताना आतल्या प्रोसेसरला पळायला लागतंय. त्याच्या डोक्यावर गार करायला एक पंखा असतोय. तो फिरत नसंल."

त्यानं स्क्रू काढले. झाकण उतरवलं. वीज चालू केली. मागचा मोठा पंखा घुर्र करत फिरू लागला. आतला छोटा, काडेपेटीएवढा पंखा दोनदा थरथरला आणि गप्प झाला.

प्रबुद्धनं वीज बंद केली, टॉर्च मारली आणि आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग टॉर्च आणि बारीक चिमटा भाऊसाहेबांच्या पुढ्यात ठेवला.

"भाऊसाहेब, मी पाणी पिऊन येतो. तुमी जरा बघता का?"

पाण्याचा माठ ऑफिसातच होता. हे भाऊसाहेबांच्या लक्षात आलं, पण तो व्हरांड्यात निघून गेल्यावर.

त्यांनी टॉर्च धरली. पंख्याच्या पाती आणि चौकट यांच्या फटीत तीन अक्षता रुतून बसल्या होत्या. कुंकू काळवंडलं होतं, तरी लाल होतंच. तांदूळही अख्खा होता. पूजेला तुटका तांदूळ चालत नाही म्हणून विनोदिनीबाईंनी, म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नीनं, परातीत एकेक दाणा निवडून दिला होता.

भाऊसाहेबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चिमट्यानं त्यांनी एक काढली, दुसरी काढली, तिसरीला वेळ लागला. त्यांनी बटण दाबलं. पंखा भिंगरीसारखा फिरला. दारात चपला वाजल्या, तेव्हा तिन्ही अक्षता त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होत्या. टेबलावर ठेवायचं ठरवून त्यांनी मूठ वळली होती. मूठ खिशाकडं कधी गेली ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

प्रबुद्धनं फिरत्या पंख्याकडं पाहिलं. मग त्यांच्याकडं.

"काय हुतं, भाऊसाहेब?"

उत्तर एका शब्दाचं होतं. एकतीस वर्षं स्वच्छ मस्टर लिहिलेल्या माणसाला तो शब्द जड जायचं कारण नव्हतं.

"काही नाही रे. धूळ होती."

"बरं," प्रबुद्ध म्हणाला, आणि झाकण लावू लागला. चारही स्क्रू त्यानं सावकाश आवळले.

सोमवारी सकाळी समिती यायच्या आधी लालासाहेबांनी रंगीत तालीम घेतली. रोपट्याचा वटवृक्ष झाला. सव्वीस मिनिटं लालासाहेब बोलले, कुणी थांबवलं नाही. आपणच वाजवलेल्या टाळ्या आपणच ऐकून ते खूश झाले.

"काय झालं हुतं रं?"

प्रबुद्धनं भाऊसाहेबांकडं पाहिलं. टाचणीचा डबा पालथा झाला असावा इतक्या काळजीनं भाऊसाहेब टेबलावर काही तरी गोळा करत होते. कोंडीबा मदतीला आला. "धूळ हुती म्हणं आत. भाऊसाहेबांनीच काढली."

"धूळ?" लालासाहेबांचा आवाज चढला. "मशीन कुणाच्या ताब्यात? पगार कशाचा घेतुयास? आरं, साधी झाडलोट जमंना व्हय तुला? तुला!"

त्या शेवटच्या 'तुला'नंतर ऑफिसात कुणी हाललं नाही. कोंडीबा स्वतःच्या अंगठ्याकडं बघू लागला. भाऊसाहेबांना कळलं की आत्ता, याच क्षणी उभं राहून 'साहेब, अक्षता होत्या, मीच टाकल्या' एवढं म्हणायचं आहे. ते उभे राहिलेसुद्धा.

"साहेब..."

"बोला की."

"...समितीची गाडी आली वाटतं."

गाडी खरोखरच आली होती.

समिती जेवून, सीडी बघून, मान्यतेचं आश्वासन देऊन गेली. मंगळवारी लालासाहेबांनी प्रबुद्धच्या नावे पत्र लिहायला सांगितलं. मशीन चालू होतं, पण अध्यक्षांचं वासलेलं तोंड ज्यानं चार वेळा पाहिलं, तो समोर नको होता. मजकूर भाऊसाहेबांचाच. निष्काळजीपणामुळे संस्थेच्या यंत्रसामग्रीस बाधा आल्याने सेवा समाप्त करण्यात येत आहे. कॉम्प्युटरवर टाईप करायचं म्हटलं तर टाईप करणारा तोच, आणि टाईपरायटरची रिबन केव्हाच वाळलेली. म्हणून हातानं लिहावं लागलं. 'निष्काळजीपणा' लिहिताना पहिली वेलांटी बिघडली. भाऊसाहेबांनी कागद फाडला, दुसरा घेतला आणि ती नीट काढली.

प्रबुद्धनं पत्र उभ्यानंच वाचलं. पोच म्हणून सही केली. मग टेबलाच्या खणातून एक वहीचा कागद काढून दिला.

"मशिनीचं लिवून ठिवलंय. कसं चालू करायचं, कसं बंद करायचं. नवीन माणूस येईस्तोवर लागंल तुमाला."

भाऊसाहेबांनी कागद घेतला. त्यात धुळीबद्दल काही नव्हतं. झाकणाबद्दलही नव्हतं.

"प्रबुद्ध, मी साहेबांशी..." वाक्याला पुढं क्रियापद सापडेना.

"ऱ्हाऊ द्या, भाऊसाहेब." त्यानं पत्राची घडी घातली, मग पुन्हा उघडून एकदा पाहिलं. "अक्षर मात्र लय सुंदर हाय तुमचं."

टोमणा होता की काय, हे भाऊसाहेब घरी जाईपर्यंत तपासत राहिले. वाईट हे होतं की तो टोमणा नव्हता.

घरी विनोदिनीबाई धुणं भिजवत होत्या. शनिवारचा सदरा हातात घेऊन त्या ओट्याशी आल्या.

"अहो, कुणाच्या लग्नाला गेला होतात? मला बोललाही नाहीत."

"लग्नाला? नाही बुवा."

"मग खिशात या अक्षता कुठल्या? आणि अजून तुळशीचं लग्न व्हायचंय, मुहूर्त तरी कुठला?"

भाऊसाहेबांनी हात पुढं केला. "दे इकडं. टाकून देतो."

"टाकता कुठं? अक्षता कुणाच्या पायाखाली यायच्या नाहीत," असं म्हणत त्या देवघरात गेल्या. अक्षतांची चांदीची वाटी उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज आला.

बुधवारी पहाटे भाऊसाहेब अंघोळ करून सोवळं नेसून पाटावर बसले. दिवा लावला. गंध लावलं. फूल वाहिलं. अक्षतांसाठी वाटी उघडली. ताज्या लाल अक्षतांवर तीन काळपट अक्षता होत्या, न तुटलेल्या. त्यांचा हात वाटीच्या काठापर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

स्वयंपाकघरातलं पोळीचं पीठ मळून झालं, तवा तापला, पहिली पोळी फुगली.

"अहो," विनोदिनीबाईंनी आतून विचारलं, "आज घंटा कशी नाही वाजली?"