आधी सैनिकांचा मका

"अरं पर लाईन म्हंजी लाईन हाय का न्हाई? आमी काय हितं पहाटंपासनं शेकोट्या करायला बसलोय व्हय?"

वेन कुबिक ट्रकच्या खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडत होता. तोंड असं लालबुंद झालेलं, की ते थंडीनं झालंय का रागानं, हे त्याच्या बायकोलाही सांगता आलं नसतं. होराक गावच्या धान्याच्या कोठारासमोर मक्यानं भरलेले चौदा ट्रक एकामागं एक उभे होते आणि वेनचा ट्रक सहावा होता. सगळी गोम तिथंच होती.

झालं होतं असं. त्या वर्षी नेब्रास्कात ऑक्टोबरभर पाऊस हटलाच नाही. मका उभ्या उभ्या भिजला. नोव्हेंबरात जरा उघडीप मिळाली तर रेडिओवाला सांगायला लागला, अकरा तारखेला संध्याकाळपासून बर्फ. मग काय, लोकांनी ओलाच मका काढला आणि ट्रकात भरून कोठारावर आणला. ओला मका ट्रकात ठेवला की आतून तापतो. त्या सकाळी रांगेतल्या प्रत्येक ट्रकाच्या ताडपत्रीखालून वाफ निघत होती आणि आंबूस वास सुटला होता. आणखी एक दिवस गेला असता तर तो मका डुकरांनीही हुंगून सोडला असता.

कोठाराचा नवा मॅनेजर ब्रेंट, उन्हाळ्यात कंपनीनं शहरातून पाठवलेला. माणूस वाईट नव्हता हो, पण गाव कशाला म्हणतात ते त्याला ठाऊक नव्हतं. अकरा नोव्हेंबर म्हणजे माजी सैनिकांचा दिवस. त्यानं फाटकावर हा मोठा फलक लावला: 'आज माजी सैनिकांचे ट्रक सर्वांत आधी. मका वाळवण्याच्या खर्चात दहा टक्के सूट. आपल्या सेवेबद्दल आभार.' वर झेंडा, खाली कंपनीचं नाव. वर्तमानपत्रातली एक बाई कॅमेरा घेऊन बोलावून ठेवली होती. इथवर ठीक होतं. पण नऊच्या सुमाराला तोच ब्रेंट बाहेर आला आणि म्हणाला, मका न्यायला मालगाडी आलेली नाही, कोठी भरत आली, आता फक्त सहा ट्रकांची जागा आहे, मग आठवडाभर बंद.

फलक मात्र कुणी काढला नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला कुणाचं काय जातंय?

रेनी वाव्राचा ट्रक नववा होता. रेनी चव्वेचाळीस वर्षांची, एकटी शेती करणारी. तिचा चाळीस एकर मका अजून रानात उभा होता आणि ट्रक एकच. हा ट्रक आज रिकामा झाला तर दुपारी हार्वेस्टर घालून बर्फाच्या आधी जमेल तेवढं काढायचं, नाही झाला तर ट्रकातलाही गेला आणि रानातलाही. सहाचा आकडा ऐकल्यावर तिनं कपाळ स्टीअरिंगवर टेकवलं होतं.

तेवढ्यात ब्रेंटनं काचेवर टकटक केली.

"मॅडम, गाडीवर सैन्याचं स्टिकर दिसलं. मिस्टर कुठे आहेत? त्यांचं कार्ड दाखवा, गाडी पुढे घेऊ."

"मिस्टर ओमाहाला असतात, दुसऱ्या बाईसंगं. कार्ड माझं हाय."

ब्रेंटनं कार्ड उलटंसुलटं करून बघितलं. मग तिच्याकडं बघितलं. "अरे वा! म्हणजे तुम्ही स्वतः! तुमच्या सेवेबद्दल मनापासून आभार हं, मॅडम. तुमचा नंबर पहिला. अकराव्या गाडीतले आजोबाही आपलेच आहेत, त्यांचा दुसरा. फोटोपुरतं जरा हसा म्हणजे झालं."

रेनीला हे आभार नवे नव्हते. इराकात दोन खेपा रसदीचे ट्रक चालवून आली होती ती. वीस वर्षांत किराणावाल्यानं, टायरवाल्यानं, सगळ्यांनी आभार मानले. पण आभार मानले की माणूस मोकळा होतो, पुढं काही विचारावं लागत नाही. तिथं काय केलंस, कशी राहिलीस, झोप लागते का, हे कुणी विचारलं नाही. विचारलं होतं फक्त एकानं. म्हाताऱ्या एमिल होलुबनं. तेही एकदाच, कुंपण नीट करता करता: "तिथं रात्री थंडी वाजायची का गं?" कारण त्याच्या पोराला, लायलला, थंडी सोसत नसे.

लायल आणि रेनी एकाच आठवड्यात भरती झाले, एकाच बसनं गेले. रेनी परत आली.

ती गाडी सुरू करणार तोच अकराव्या नंबरचा ड्वाइट पेशेक थर्मास हलवत आला. शहात्तर वर्षांचा, व्हिएतनाम करून आलेला, एका कानानं बहिरा आणि त्यामुळं कायम मोठ्यानं बोलणारा.

"चल की पोरी, इचार कसला करतीस? म्या तर सकाळी फुकटचं पॅनकेक हाणून आलो. आता केस बी फुकट कापणार हाय."

"तुमच्या डोक्यावर केस कुठं हायेत?"

"न्हाईत, तरी बसतो खुर्चीवर. काप म्हणतो जे घावंल ते." ड्वाइट खो खो हसला. मग हसू गिळून म्हणाला, "सत्तर साली म्या परत आलो तवा बसच्या थांब्यावर एका बाईनं माझा गणवेश बघितला आन् लेकराला उचलून पलीकडच्या बाकड्यावर जाऊन बसली. पाणी इचारलं न्हाई कुणी. आता देत्यात तर खातो. लाज वाटायची असंल तर त्यांना वाटू दे, मला न्हाई वाटत."

"आन् म्होरं थांबल्यालं लोक?"

"त्यास्नी ब्रेंटनं मागं सारलं, म्या न्हाई," असं म्हणून म्हातारा आपल्या ट्रककडं गेला.

त्याचंही खोटं नव्हतं. रेनीनं गाडी रांगेबाहेर काढली आणि पुढं निघाली. आठवा, सातवा. लोक खिडक्यांतून हात करत होते. "जा बाई, जा, तुजा हक्कच हाय," म्हणत होते, आणि डोळे तिच्या मागच्या वाफाळत्या मक्यावर. सहाव्यापाशी वेन कुबिक खाली उतरून आडवाच उभा राहिला.

"कानामागनं आली आन् तिखट झाली! अगं, तू नववी ना? मी पहाटं चारला आलोय. तुमी दोघं म्होरं घुसलात तर पाचवा आन् सहावा भाईर. मी तर भाईर ऱ्हातोच, पर त्यो पाचवा कोण हाय बघितलंस का?"

रेनीनं बघितलं. निळा, गंजलेला ट्रक. एमिल होलुबचा.

चार मिनिटांमागं आकडा ऐकून कपाळ टेकवणारी ती, पुढचा नंबर मिळाल्यावर कोण मागं जातंय हे मोजायचंच विसरली होती. स्वतःची एवढी चीड तिला कधी आली नव्हती. गाडी तिथंच कडेला लावून ती उतरली आणि निळ्या ट्रकच्या पायरीवर चढली.

एमिल दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत बसला होता. बायको गेल्यापासून तो असाच बसायचा.

"एमिल, तुमी मागं पडलाय."

"ठावं हाय. ऐकू येतंय मला."

"मी त्या ब्रेंटला सांगते. त्याला लायलचं ठाऊकच न्हाई. कळलं तर तुमास्नी उचलून म्होरं नेईल."

"न्हाई सांगायचं."

"अवो पर..."

"रेनी." म्हाताऱ्यानं मान वळवली. "सांगितलंस तर त्यो काय करंल? हितं यील. माझा हात हातात घील. आभार मानंल. त्या बाईला फोटू काढाय लावंल. मग लायलचं नाव त्या फलकावर, कंपनीच्या नावाच्या वरती. आन् वाळवणीत धा टक्के सूट." तो पुन्हा समोर बघायला लागला. "माझ्या पोरावर मला सूट नको, बाई. मका सडला तर सडू दे."

मागून वेन तरातरा चालत आला. ब्रेंटही रांगेत काय गोंधळ चाललाय म्हणून कागद सावरत येत होता. वेननं त्याच्यावर बोट रोखलं. "ओ सायेब! तुमी ज्याला भाईर काढताय ना, त्याचा पोरगा..."

एमिलनं खिडकीतून वेनकडं नुसतं बघितलं. वेननं रोखलेलं बोट खाली घेतलं. सगळ्या गावाला गप्प करील असलं ते बघणं होतं.

"त्यांचा मुलगा काय?" ब्रेंटनं विचारलं.

वारा ताडपत्र्या फडफडवत होता. रेनीला वाटलं, आत्ता एक शब्द बोलले तर हा मका वाचेल आणि हा माणूस मरेल. आणि आपला मका? आपला पहिला नंबर आहे. पाच मिनिटांत रिकामा ट्रक, बर्फाच्या आधी सगळी दुपार. चाळीस एकरांपैकी निम्मं तरी.

"सरका तिकडं," ती एमिलला म्हणाली.

"काय?"

"सरका म्हणते ना! म्या चालवते."

म्हातारा गोंधळून बाजूच्या सीटवर सरकला. रेनीनं दार आपटलं आणि निळा ट्रक रांगेतून काढून थेट वजनकाट्याकडं नेला. ब्रेंट धावत मागं.

"मॅडम, मॅडम! हा ट्रक तुमचा नाही!"

"कार्ड माझं हाय का न्हाई?"

"आहे, पण..."

"मग फलक वाचा की. 'माजी सैनिकांचे ट्रक' लिवलंय. ट्रक माजी सैनिक चालवतीय. आतला मका कुणाचा, ते लिवलंय कुठं?"

"अहो, पण सवलत तुमच्यासाठी आहे! एका कार्डावर एकच ट्रक. हा आत गेला तर तुमचा स्वतःचा राहील."

"तो नववाच हाय. त्याच्या जागी उभा ऱ्हाईल."

ब्रेंटनं इकडं तिकडं बघितलं. कॅमेरावाली बाई जवळ आली होती. रांगेतले सगळे खाली उतरून बघत होते आणि त्यातला कुणीही हसत नव्हता. वेन हाताची घडी घालून ब्रेंटच्या अगदी मागं उभा होता. ब्रेंटनं घाम पुसला, त्या थंडीत, आणि काट्यावरच्या माणसाला हात केला.

मका घसघस हौदात पडायला लागला. वाफेचा लोट उठला. एमिल खाली मान घालून बसला होता.

"आणि हे आजोबा कोण?" ब्रेंटनं खिडकीशी येऊन विचारलं.

"म्या? म्या हिच्यासंगं आलोय," एमिल म्हणाला.

"छान, छान." ब्रेंटनं रेनीचा हात धरला, कॅमेऱ्याकडं वळला. "तुमच्या सेवेबद्दल आभार, मॅडम."

"गाडी रिकामी झाली. म्होरं घ्यायची का?" रेनी म्हणाली.

तिच्यामागून ड्वाइट पेशेकनं आपला ट्रक खुशाल आत घातला, फोटोसाठी टोपी काढून टक्कल दाखवलं आणि कॉफीचं फुकट कूपनही घेतलं. मग पहिले चार. साडेअकराला फाटक बंद झालं. आठ ट्रक बाहेर, त्यात वेनचा आणि रेनीचा. उत्तरेकडून आभाळ शिशासारखं काळवंडलं होतं.

रेनी आपल्या गाडीत येऊन बसली. ताडपत्रीखाली हात घातला तर मका चांगलाच गरम लागला. तिला रडू आलं. आलं तर आलं, ती रडली. केलं ते बरोबर केलं, पण बरोबर केल्यानं मका वाळत नाही.

दारावर थाप पडली. एमिल.

"माझ्या शेडची फरशी सिमेटाची हाय. ट्रॅक्टर भाईर काढतो. तिथं पसरू. वीतभर जाडीचा थर, आन् दर दोन तासांनी उलथायचा. मोठं पंखं हायेत दोन."

"मग तुमचा मका का न्हाई पसरलात तिथं?"

"एकट्यानं व्हतंय व्हय ते? माझी कंबर बघितलीस का?" म्हातारा चिडूनच बोलला. "चल, हवा बदलाय लागली."

एमिलच्या शेडपर्यंत पोचताना रेनीनं आरशात बघितलं तर मागं वेन कुबिकचा ट्रक. तिथं उतरल्यावर तो कुणाच्या तोंडाकडं न बघता म्हणाला, "जागा असंल तर माझाबी टाका कोपऱ्यात. नसंल तर जातो." जागा होती. थोड्या वेळानं ड्वाइटही रिकामा ट्रक घेऊन आला. पाठीमागं तीन फावडी. "तुमच्या दोघांच्या पुढं घुसलो म्हणून न्हाई आलो. घरी म्हातारी वैतागलीय माझ्यावर," असं त्यानं न विचारता सांगितलं. कुणी त्याचं खरं मानलं नाही.

चौघं दुपारभर फावडी ओढत राहिले. पंखे घरघरत होते, मक्याची वाफ छताला जाऊन ठिबकत होती. चार वाजता बाहेर बर्फ सुरू झाला, आधी भुरभुर, मग दाट. रेनी दारात जाऊन उभी राहिली. दोन ट्रकांचा मका उतरवून पसरेपर्यंतच दुपार सरली होती आणि दोन मैलांवर तिचा चाळीस एकर अजून उभाच होता. त्यातला किती पडेल, किती राहील, आठवड्यानं किती हाती लागेल, आता बघायलाही जाता येत नव्हतं. आज सकाळपासून ब्रेंटनं दोनदा तिचे आभार मानले होते. या शेडमध्ये तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. एमिलनंही नाही. म्हणाला असता तर ती फावडं टाकून निघूनच गेली असती.

"रेनी!" मागून म्हातारा करवादला. "बर्फ काय पहिल्यांदा बघतीस? ती कड बघ, केवढा ढीग ठेवलाईस! लायलबी असाच, कडंचं कधी नीट करायचा न्हाई. ये हिकडं, उलथ ते."

"आले, आले," म्हणत रेनीनं फावडं उचललं.