हरभऱ्यातली काठी

मित्रांनो, मी बोरीची एक जुनी काठी आहे. सिल्लोडकडच्या माळावर मेंढपाळ केरबांनी मला तोडलं, तासलं, तेल पाजलं. पुढे सारं आयुष्य मी त्यांच्यासोबत मेंढरांमागे चालले. मेंढरं चरू लागली की ते मला खांद्यांवर आडवं घेत आणि दोन्ही हात माझ्यावर सोडून उभे राहत.

गेल्या उन्हाळ्यात केरबा गेले. मेंढरं त्याआधीच विकली होती. त्यांच्या मुलीने, शालूने, मला दाराआड ठेवलं. ती शहरातून आली की मला पुसायची. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

यंदा हरभऱ्यावर घाटे, म्हणजे त्याच्या शेंगा, पोखरणारी घाटेअळी पडली. शालूच्या भावाने, शिवशंकरने, दरवर्षीचंच औषध फवारलं. अळ्या खातच राहिल्या.

"अंघोळ घातली नुसती त्यायला," त्यांची आई बानाबाई म्हणाली.

"आता दोन औषधं मिसळून मारतो. नायतर घाटा राहत नाय एक," शिवशंकर म्हणाला.

मला दुष्काळातला कळप आठवला. तगलेल्या मेंढ्यांनाच कोकरं व्हायची आणि तीही चिवट निघायची. अळ्यांचंही तसंच. औषधातून वाचलेल्यांचे पतंग होतात, तेच अंडी घालतात, आणि त्यांच्या पिल्लांना ते औषध बाधत नाही.

"थांब जरा," शालू म्हणाली. "पाखरांना बसायला काठ्या रोवू. अळ्या टिपतील ती."

"व्हय, पाखरं रोजानं लाव आता!" शिवशंकर हसला. पण पंप त्याने खाली ठेवला.

त्यांनी तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, रोवल्या. वावराच्या मधोमधच्या तुराट्या वाऱ्याने आडव्या झाल्या. तेव्हा बानाबाईने मला दाराआडून उचललं.

"ही नाय, माय. बाची हाय ती," शालू म्हणाली.

"तुझा बा कधी दाराआड उभा राहिला व्हता का गं?"

शालूने स्वतःच माझ्या डोक्याशी एक आडवी काठी बांधली आणि मला वावराच्या मधोमध रोवलं. बांधावर पोचल्यावर तिने वळून पाहिलं, आणि बराच वेळ ती तिथून हलली नाही. मला खांद्यांवर आडवं घेऊन उभे केरबा माळावर लांबून असेच, आता मी दिसत होते तसे, दिसायचे.

दुसऱ्या सकाळी दुभंगल्या शेपटीचा काळा कोतवाल माझ्यावर येऊन बसला. खाली झेपावला, अळी घेऊन परतला. मग आणखी पाखरं आली. सगळ्या अळ्या काही संपल्या नाहीत, पण घाटे भरले. शिवशंकर आता कोतवालाला म्हणतो, "या मुकादम, आज उशीर केला?"

मित्रांनो, औषधाने अळी मरेना, तर जास्त जहाल औषध आणण्याआधी वाचलेल्या अळीचा विचार करा. आणि गेलेल्या माणसाची वस्तू जपायची असेल, तर तिला काहीतरी काम द्या.

शालू अजूनही मला पुसायला येते. आता पाखरांची शीट पुसावी लागते, एवढंच.