रबरी बोटं

कोंबड्या कापून, साफ करून पाकिटांत भरणाऱ्या त्या कारखान्यात तपासणीची खोली म्हणजे जिन्याखालची अरुंद जागा होती. तिथे धाकटी एकटीच काम करायची. हे नाव पडलं भाऊजींमुळे. थोरल्या बहिणीचा नवरा तिथला मुख्य मेकॅनिक. त्यांनी पहिल्याच दिवशी "ही आमची धाकटी" म्हणून ओळख करून दिली, तीच सगळ्यांच्या तोंडी बसली.

त्या महिन्यात कच्च्या मांसाच्या नमुन्यांत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू निघू लागला. जंतू वाढवायच्या बशीतल्या लाल थरावर काळे ठिपके दिसले की तो आहे असं समजायचं. मॅनेजरनी मात्र बशा न बघताच निकाल देऊन टाकला: तपासणाऱ्याचेच हात अस्वच्छ असणार. पंधरा दिवसांत उगम सापडला नाही तर तपासणी बाहेर देऊ आणि ही खोली बंद करू, असंही सुनावलं.

धाकटीनं वाद घातला नाही. प्रत्येक नमुन्याबरोबर तिनं त्याच हातांनी मांस न लावलेली एक बशी ठेवली. त्या सगळ्या कोऱ्या राहिल्या. हातांवरचा आळ तर फिटला. मग गमबूट चढवून ती स्वतः कापणी विभागात गेली आणि एकेका टप्प्यावर कापसाचा बोळा फिरवून नमुने घेतले. चार दिवसांनी उत्तर मिळालं. पिसं सैल करायच्या गरम पाण्यातून निघालेल्या कोंबड्या स्वच्छ होत्या. पिसं काढणाऱ्या यंत्रातून बाहेर पडलेल्यांवर काळे ठिपकेच ठिपके.

ते यंत्र भाऊजींचं. त्याला ते कुणाला हात लावू देत नसत.

धाकटीनं आधी ताईला सांगितलं. ताई भाजी निवडता निवडता म्हणाली, "फुगतील दोन दिवस. फुगू देत. तू खरं तेच सांग."

भाऊजी खरंच फुगले. रोज पाइप लावून धुतो, म्हणाले, आणि पाठ फिरवली. पण पाच मिनिटांत पाना घेऊन परत आले, यंत्र बंद केलं आणि पिसं ओढणारं एक रबरी बोट उपटून काढलं. वरून चकचकीत होतं. त्यांनी ते वाकवलं तशी बारीक भेग उघडली आणि आतून राखाडी चिकटा बाहेर आला. दुसरं काढलं, तिसरं काढलं. सगळ्यांची तीच गत.

भाऊजींनी ती बोटं फडक्यात गुंडाळली. मग म्हणाले, "चल, मॅनेजरना मीच सांगतो."

दोन दिवस यंत्र बंद ठेवून साडेतीनशे बोटं बदलली. पुढच्या चाळीस नमुन्यांचा निकाल यायच्या दिवशी मॅनेजर स्वतः जिन्याखाली वाकून आले. धाकटीनं एकेक बशी उजेडात धरली. एकीवरही काळा ठिपका नव्हता. शेवटची बशी त्यांनी स्वतः हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "ही खोली कुठेही जात नाही."

जेवणाच्या सुट्टीत भाऊजींनी कापणी विभागातल्या सगळ्या बायकांना रांगेनं आणलं आणि लाल बशा दाखवत, जणू शोध त्यांनीच लावला, अशा थाटात सगळं समजावून सांगितलं. धाकटी कोपऱ्यात उभी राहून मनसोक्त हसत होती.